हीट पाइपचं कोरडं टोक

बाकीचे अॅम्प्लिफायर ४० अंशांवर स्थिरावले होते; एकाचं तापमान मात्र चढतच होतं. भूस्थिर उपग्रहाच्या पॅनेलची थर्मोव्हॅक चाचणी, म्हणजे निर्वातात तापवून-गारवून घेतलेली परीक्षा, चालू होती. चेंबरमध्ये दाब १०⁻⁵ मिलिबारच्या खाली, भोवतीच्या भिंती द्रव नायट्रोजनने गार केलेल्या. अशा निर्वातात उष्णता बाहेर पडते ती फक्त प्रारणाने: ४० अंशांवर, उत्सर्जकता (पृष्ठभागाची प्रारण सोडण्याची क्षमता) ०.८ धरली तर चौरस मीटरमागे ४३५ वॅट, बस्स. म्हणून अॅम्प्लिफायरखालची उष्णता पॅनेलभर पसरवावी लागते. ते काम अमोनिया भरलेले, आतून खाचा असलेले अॅल्युमिनियमचे हीट पाइप करतात: तापणाऱ्या टोकाला द्रव अमोनियाची वाफ होते, थंड टोकाला ती पुन्हा द्रव होते आणि खाचांमधून परत येते.

संशयित दोन. एक, पाइपमध्ये द्रवरूप न होणारा वायू साचलेला. आत ओलावा राहिला की अॅल्युमिनियमशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि बाष्पाच्या रेट्याने थंड टोकाला जाऊन बसतो. दुसरा, पाइप तिरपा. खाचांमधलं केशाकर्षण अमोनियाला जेमतेम सेंटिमीटरभर चढवू शकतं, तेही पाइपवर उष्णतेचा भार नसताना. तापणारं टोक काही मिलिमीटर वर गेलं तरी द्रव परत पोचत नाही आणि ते टोक कोरडं पडतं.

वायू असेल तर थंड टोक एकदम गार पडतं. इथे ते नीट ऊबदार होतं. उलट तापणाऱ्या टोकाचंच तापमान बाकीच्या पाइपपासून तुटल्यासारखं वर गेलेलं. म्हणजे तिरपेपणा. पॅनेल खोलीच्या तापमानाला समपातळीत बसवलं होतं. पण गार झाल्यावर आधाराची चौकट असमान आकसली आणि कलमापकाने ४ मिलिमीटरचा फरक दाखवला.

नुसतं सरळ करून भागत नाही. कोरडं टोक तापलेलं असेपर्यंत द्रव तिथे टिकत नाही, म्हणून आधी त्या अॅम्प्लिफायरचा भार उतरवला, मग मोटरच्या पायांनी पातळी साधली आणि टोक पुन्हा ओलं झाल्यावर भार पायरीपायरीने चढवला. तापमान ४१ वर थांबलं.

‘कक्षेत गुरुत्वाकर्षण जाणवणारच नाही, सोडा’ असं कुणीतरी म्हणालंच. मला ते पटत नाही: तिरपेपणा कक्षेत नडणार नाही, पण वायू नडेल, आणि थोडा वायू ४० अंशांवर लपून राहतो, कारण तिथे अमोनियाचा दाब १५ बारच्या वर असतो आणि वायू चिमूटभर जागेत दबतो. उणे २० ला दाब २ बारच्या आत येतो, तोच वायू सुमारे साडेसहापट लांबी व्यापतो. म्हणून शीत टप्प्यात थंड टोक पुन्हा तपासलं. फरक एका अंशाच्या आत निघाला, तेव्हाच पाइपवर सही झाली.