रिजेक्टचा कागद

तुर्भ्याच्या एका पॅकहाऊसमध्ये मी निर्यातीच्या हापूसची क्वालिटी बघते. रात्री कोकणातून गाड्या येतात, पहाटे प्रतवारी, संध्याकाळी माल विमानतळावर. यंदा ऐन सीझनमध्ये कृषी व्यवसाय व्यवस्थापनाची चार मुलं सहा आठवड्यांसाठी आली. त्यांच्या कॉलेजचा आणि आमच्या कंपनीचा तसा करार आहे. करार झाल्यावर मात्र दोन्हीकडच्या कुणीही मुलं काय शिकतायत हे येऊन पाहिलं नाही, याचा मला राग आहे.

युरोपला जाणारा आंबा ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटं ठेवावा लागतो. फळमाशीमुळे २०१४ मध्ये युरोपनं आपला आंबा बंद केला होता. २०१५ मध्ये बंदी उठली, पण धसका गेलेला नाही. त्यामुळे सगळ्यांचं लक्ष त्या टाकीकडे. प्रत्यक्षात सर्वांत जास्त फळ बाद होतं ते त्याआधी, प्रतवारीच्या टेबलावर. काढणीच्या वेळी देठ मुळापासून तुटला की चीक उडतो आणि सालीवरून ओघळतो. झाडाखाली काहीच दिसत नाही. आमच्याकडे येईपर्यंत तिथं काळी रेघ उमटलेली असते. आत गर सुंदर, तरी फळ बाद.

त्या दिवशी एका लॉटच्या २४० फळांतली ६१ बाद झाली. नोंद करायला मी देवगडच्या मुलाला बसवलं होतं. त्याच्या घरची कलमं आहेत. आमच्या कागदावर फक्त लॉट नंबर आणि आकडा लिहितात. त्यानं कागद उलटा केला, पट्टीनं रकाने आखले: देठ, चीक, मार, वजन. एकेक फळ हातात फिरवून खुणा केल्या. चिकाच्या रकान्यात ४३.

क्रेटवरची चिठ्ठी वाचून म्हणाला, "मॅडम, हे आमच्या शेजारच्या गावातले. त्यांना हे कोण सांगतं?"

"हिशेबात वजावट जाते की."

"वजावट कळते हो. कारण कोण सांगतं?"

अकरा वर्षांत मी एकाही बागायतदाराला कारण कळवलेलं नाही. कंपनी आपल्याला लुबाडते असं त्यांना वाटतं, आणि त्यांच्या जागी मलाही तसंच वाटलं असतं. तो मुलगा सांगत होता, साध्या झेल्यानं, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळी लावलेल्या काठीनं, देठ ओरबाडला जातो. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं काढलेल्या नूतन झेल्याला पातं असतं, फळ देठासकट कापून येतं. म्हणजे उपाय विद्यापीठात, दोष आमच्या टेबलावर, आणि नुकसान सोसणारा बागेत. या तिघांची गाठ त्या पोरानं एका पाठकोऱ्या कागदावर घातली होती.

त्याला प्रोजेक्टसाठी हाच विषय हवा होता. आमचे मॅनेजर म्हणाले, करारात गोपनीयतेचं कलम आहे, रिजेक्टचे आकडे बाहेर जाणार नाहीत. त्याच्या सरांना मी स्वतः फोन केला. "कंपनी नाराज व्हायला नको मॅडम, पुढच्या वर्षीही मुलं पाठवायचीत. दुसरा विषय देऊ." मुलानं खोक्यांच्या पॅकिंगवर अहवाल लिहिला. मूल्यमापनाच्या फॉर्मवर हजेरी, शिस्त, वर्तणूक असे रकाने होते. मी समासात त्या कागदाबद्दल चार ओळी लिहिल्या. कुणी वाचल्या की नाही, ठाऊक नाही.

तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. बागायतदाराचा नंबर आमच्या रजिस्टरमध्ये आहे. फोन करायचा म्हणून दोनदा रजिस्टर उघडलं, पण कंपनीच्या वतीनं बोलायचं की माझ्या, हे अजून ठरत नाही. पुढची काढणी मार्चमध्ये सुरू होईल.