आठवणीचं झाड आणि पहिले तीन उन्हाळे

लातुरात वसाहतीच्या खुल्या जागेत गेलेल्या माणसांच्या नावानं झाडं लावताना आम्ही प्रत्येक घराला पहिला प्रश्न एकच विचारतो: तीन उन्हाळे पाणी कोण घालणार? उत्तर पक्कं झालं की मगच खड्डा.

जागा महापालिकेची असेल तर उद्यान विभागाकडे अर्ज. सोबत हातानं काढलेला नकाशा पुरतो. त्यावर जलवाहिनी, ड्रेनेज आणि विजेच्या तारा दाखवायच्या. तारांखाली लावलेलं झाड काही वर्षांत शेंड्यातून छाटलं जातंच. आम्ही कडुनिंब, करंज, बहावा निवडतो. वड-पिंपळाचा आग्रह पुष्कळांचा असतो. भिंतीपासून निदान 30 फूट मोकळे असतील तरच.

खड्डा मे महिन्यात, 3 बाय 3 बाय 3 फूट. नव्या वसाहतीत फूटभर खाली राडारोडा निघतो. सिमेंटचे तुकडे वेचून काढावेच लागतात. दोन आठवडे ऊन खाऊ द्यायचं. भरताना काळी माती, तिच्या निम्मा बारीक मुरूम, चार घमेली कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड. मुरूम यासाठी की नुसती काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि कोवळी मुळं तोडते. शेणखत कच्चं असलं तर वाळवी आलीच.

राख सावडल्यावर रक्षा खड्ड्यात घालावी, ही अनेक घरांची इच्छा असते आणि तिचा मान राखलाच पाहिजे. पण रक्षा खारट, अल्कधर्मी. आपली काळी माती मुळातच चुनखडीची. सगळी रक्षा मुळाशी गेली तर मुळांना लोह मिळत नाही, नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणून फक्त ओंजळभर रक्षा घमेलंभर शेणखतात कालवायची आणि मुळांपासून फूटभर लांब, खड्ड्याच्या कडेला द्यायची.

लावणी दोन चांगले पाऊस झाल्यावर. रोप पाच-सहा फुटी. पिशवी पूर्ण फाडून काढायची, गोल फिरलेली मुळं कापायची. पिशवीतली माती बहुधा लाल असते. बाहेर ओल दिसली तरी तो गोळा आतून कोरडा राहतो, म्हणून पहिले दोन महिने पाणी थेट बुंध्याजवळ. दोन्ही बाजूंना बांबू, सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी आणि सैल.

पावसाळा संपल्यावर आठवड्याला 20 लिटर, मार्च ते जून आठवड्यातून दोनदा. आरओचं वाया जाणारं पाणी चुकूनही नको, त्यातल्या क्षारांनी पानांच्या कडा करपतात. आळ्यात उसाचं पाचट चार इंच, बुंध्यापासून वीतभर लांब. झाडलोट करताना कोणी तिथंच पालापाचोळा पेटवू नये, याकडे रोज लक्ष लागतं; एकदा साल भाजली की झाड सहसा सावरत नाही.

नावाची पाटी खिळ्यानं खोडाला कधीच ठोकायची नाही, रोपाभोवती संरक्षणाला लावलेल्या जाळीला तारेनं बांधायची. प्रत्येक पाच रोपांमागे एक जादा रोप आम्ही मोठ्या पिशवीत वाढवत ठेवतो. एखादं झाड गेलं तर घरच्यांना दुसऱ्यांदा सोसावं लागतं. ही शक्यता लावणीच्या आधीच त्यांच्याशी बोलून ठेवलेली बरी, आणि त्याच जागी त्याच वयाचं रोप उभं करता आलं पाहिजे.

तिसऱ्या वर्षी खोड मनगटाएवढं झालं की जाळी काढायची. राहिली तर तिची कडी सालीत रुतते.