मामा म्हणजे बाबा

जॉर्जियन भाषेत आईला 'देदा' म्हणतात आणि बापाला 'मामा'. परवाच्या शुक्रवारी संध्याकाळी सव्वापाचपर्यंत मला याचा पत्ता नव्हता. समोर जॉर्जियाहून आलेली कवयित्री आपल्याच भाषेत पहिली कविता वाचत होती, एकही शब्द कळत नव्हता आणि मधूनमधून स्वच्छ 'मामा' ऐकू येत होतं. शेजारच्या अमेरिकन आजोबांचा चेहरा हळवा झालेला. त्यांच्या डोक्यात आई असणार. माझ्या डोक्यात आईचा भाऊ. मग भाषांतर करणारी विद्यार्थिनी उठली, तिने इंग्रजीत 'माझे वडील' असं वाचायला सुरुवात केली आणि आम्हा दोघांचीही नाती एका दमात बदलली.

अमेरिकेतल्या आयोवा सिटीत असं सहज होतं. चहूकडे मक्याची शेतं आणि मधे हे विद्यापीठाचं गाव. २००८ साली युनेस्कोने याला साहित्यनगरी ठरवलं. इथल्या एका रस्त्याच्या फुटपाथमध्ये लेखकांच्या ओळी कोरलेले ब्राँझचे पत्रे बसवलेत. बसथांब्याकडे जाताना मी सुरुवातीला त्यांना वळसा घालून चालायचे, अक्षरावर पाय पडू नये म्हणून. आता घाई असली की सरळ जाते. मी आले ते औषधांच्या प्रयोगशाळेत काम करायला, कवितेशी माझा संबंध वाचण्यापुरता. पण इथला आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रम दर ऑगस्टच्या शेवटी जगभरातून लेखक गोळा करतो, नोव्हेंबरपर्यंत त्यांना गावात ठेवतो आणि त्यांची वाचनं सगळ्यांना खुली असतात. ना तिकीट, ना ओळखपत्र. दार ढकलायचं आणि बसायचं.

अमेरिकन कवी पॉल एंगल आणि चिनी लेखिका ह्वालिंग न्ये यांनी हा उपक्रम १९६७ साली सुरू केला. तुकोबांना इंग्रजीत नेणारे दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ इथेच होते. तुर्की कादंबरीकार ओरहान पामुक १९८५ साली येऊन गेले, कोरियन लेखिका हान कांग १९९८ साली. दोघांना नोबेल मिळालं ते पुढे कितीतरी वर्षांनी. त्यामुळे समोर उभं राहून घसा खाकरणाऱ्या, नाव कधी न ऐकलेल्या माणसाकडे इथले लोक जरा जपूनच बघतात.

वाचन शँबॉ हाउसमध्ये होतं. राज्यशास्त्राच्या एका जुन्या प्राध्यापकांचं हे राहतं घर, आता उपक्रमाचं कार्यालय. बैठकीच्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या, उशिरा आलेले भिंतीला टेकून उभे. इथल्या काव्यवाचनाची मला अजून सवय झालेली नाही, ती शांततेमुळे. कविता संपते आणि कोणी काही म्हणत नाही. टाळ्या अगदी शेवटी, एकदाच. मधे फार तर कुठूनतरी नाकातल्या नाकात एक 'हंऽऽ' येतो. तीच दाद. मी दोन वर्षं तो 'हंऽऽ' शिकायचा प्रयत्न करतेय, पण माझ्या तोंडून तो दात दुखत असल्यासारखा येतो.

दुसरी कविता लिफ्टची होती. त्बिलिसीतल्या सोव्हिएत काळातल्या कित्येक इमारतींमध्ये लिफ्टला नाणं लागतं. आत एक पेटी, नाणं टाकलं की लिफ्ट हलते. कवितेतला बाप दाराशी एका काचेच्या बरणीत ही नाणी साठवतो. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला निघताना एक नाणं देतो, 'पुढच्या वेळी वर यायला'. पुढे पुढे पाहुणे येत नाहीत, बरणी भरत जाते. मग बाप गेल्यावर मुलगी पहिल्यांदा बरणीत हात घालते, आणि नाणी थंडगार नसतात, कोमट असतात, बरणी हीटरशेजारी आहे म्हणून.

इथे माझ्या तोंडून 'वा!' निघून गेलं. चांगलं मोठ्याने.

पुढच्या रांगेतली दोन डोकी वळली. मला जमीन दुभंगावी असं झालं. कवयित्री त्या वेळी बाजूला उभी होती, इंग्रजी वाचन चालू होतं. तिने त्या मुलीच्या कोपराला हात लावून तिला थांबवलं, स्वतः पुढे झाली आणि तेवढं कडवं आपल्या भाषेत पुन्हा वाचलं. माझ्याकडे बघून. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

कवितेची शेवटची ओळ इंग्रजीत अशी होती, की तो अजून वर जातो आहे. प्रश्नोत्तरांत कोणीतरी विचारलं, म्हणजे स्वर्गात का? कवयित्री म्हणाली, इंग्रजीत 'तो' झालाय, माझ्याकडे 'तो' नाही. जॉर्जियनमध्ये तो, ती, ते या सगळ्यांना एकच सर्वनाम, व्याकरणात लिंगच नाही. वर कोण जातंय, बाप की लिफ्ट, हे तिने उघडं ठेवलं होतं. इंग्रजीला माणूस की वस्तू हे आधी ठरवावं लागतं. भाषांतर करणारी मुलगी लाल झाली. म्हणाली, या एका शब्दावर आमचे तीन आठवडे गेले.

मग बाकीची प्रश्नोत्तरं मी ऐकलीच नाहीत. मराठीत काय होईल? वडील 'जातायत', लिफ्ट 'जातेय'. आपल्याकडे तर सर्वनाम गाळूनही सुटका नाही, क्रियापद चहाडी करतं. 'वर जातंय' म्हटलं तर बाप आणि लिफ्ट दोघंही हातचे जातात, कुठलंतरी मांजर वर जायला लागतं. कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर मी चार ओळी लिहिल्या, खोडल्या. 'अजून वरच' असंही लिहून पाहिलं. पण मग हालचाल गेली, लिफ्ट अडकलीच.

लोक उठले तेव्हा कुठे सुचलं: 'वर जाणं अजून चालूच.' जाणं नपुंसकलिंगी, बिनधन्याचं. कोणाचं ते सांगावं लागत नाही.

रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा तिला मोडक्यातोडक्या शब्दांत हे सगळं सांगितलं. तिने कागद हातात घेतला, शिरोरेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, वाच. मी वाचलं. परत वाच म्हणाली. मग बोट थांबवून विचारलं, यात 'मामा' कुठे आहे?

यात नाही, म्हटलं. आणि आमच्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ. ती खुर्चीत मागे टेकून इतकी हसली, की रांगेतले मागचे लोक वाकून बघायला लागले. कागद तिने ठेवून घेतला. माझ्या बसचा वेळ त्याच्यावरच लिहिलेला होता, आणि ती बस चुकली.