तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिन पोटातून काढून पाठीवर का घेतलं

कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरावर, बर्कलेच्या धक्क्यावर माझी शिडाची बोट असते. तिथे शेजारचे विचारतात. रेवदंड्याहून दादा फोनवर विचारतो. गेल्या गणपतीत तर आरतीच्या रांगेतसुद्धा विचारलं गेलं: बोटीत चांगलं आत बसवलेलं इंजिन काढून मागे आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून टांगायचं इंजिन, का लटकवलंस? यातला ‘चांगलं’ हा शब्द मला लागतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

माझी बोट कॅटालिना २७, १९७८ची. तिच्या पोटात अ‍ॅटॉमिक ४ होतं, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. त्याला थंड ठेवायला समुद्राचं खारं पाणी थेट ब्लॉकमधून, म्हणजे इंजिनाच्या लोखंडी धडातून, फिरतं. चार दशकं मीठ फिरलं की आतल्या वाटा गंजाने बुजतात. मार्चमध्ये मेकॅनिकने सांगितलं होतं, मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणारा नळ, पोखरलाय, या वर्षी याच्यावर भरवसा ठेवू नका. मी मान हलवली आणि ऑक्टोबरपर्यंत बोट तशीच चालवली. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या ऑक्टोबरात आई आली होती. तिचं सगळं आयुष्य रेवदंड्याला, खाडीच्या मुखाशी गेलेलं. मी तिला उपसागरातल्या एंजल आयलंड बेटावर, आयाला कोव्ह नावाच्या छोट्या खाडीत नेलं. डबा खाल्ला, दुपार छान गेली. साडेपाचला निघालो आणि बेटाला लागून असलेल्या रकून स्ट्रेट या सामुद्रधुनीत वारा पडला. ओहोटी लागलेली. आम्हाला जायचं होतं पूर्वेला, पाणी ओढत होतं पश्चिमेला, गोल्डन गेटकडे, म्हणजे उपसागराच्या तोंडाकडे. चार मिनिटं ब्लोअर (हवा ओढणारा पंखा) चालवून बोटीच्या पोटातली पेट्रोलची वाफ बाहेर काढली, इंजिन सुरू केलं. वीस मिनिटं ते चाललं. मग तापमानाचा काटा चढला, एक्झॉस्टमधून पाण्याऐवजी नुसती वाफ यायला लागली, आणि ते बंद पडलं. पुन्हा चावी फिरवली तर आतून एक घट्ट ठोका आला, बस्स.

शीड ओल्या धोतरासारखं लोंबत होतं. जीपीएसवर वेग दिसत होता तीन नॉट, उलट्या दिशेने. आम्ही निघालो ती खाडी डाव्या हाताला पुन्हा दिसली आणि मागे गेली. नांगर टाकावा म्हणून नाळेवर गेले. खोली ११० फूट, माझा दोर आणि साखळी मिळून २००. नांगर धरायला निदान पाचपट दोर लागतो. मी दोर हातात घेऊन नुसती उभी राहिले.

तेव्हा आई म्हणाली, “आज अवस ना गं? ही उधाणाची ओहोटी.”

भरती-ओहोटीचा तक्ता माझ्या फोनमध्ये होता. निघण्याआधी तो मी बघितलाही होता. पण मनात हिशेब केला तो इंजिन धरून. आईने इंजिन धरलंच नव्हतं. तिने लाइफजॅकेटखाली पदर खोचला आणि सुकाणूचा दांडा स्वतःहून हातात घेतला. मी रेडिओवर, मदत मागायच्या चॅनल १६वर बोलत होते. आवाज कापत होता, आपली जागा सांगताना एकदा चुकले. पुढे यलो ब्लफचं टोक. तिथे ओहोटीला लाटा उभ्या राहतात, पाणी खळाळतं, आणि त्यापलीकडे पूल, जहाजांची वाट, उघडा पॅसिफिक. खळाळ ऐकू यायला लागला तेव्हा किनाऱ्यावरच्या सॉसलिटो गावाकडून एक मोटरबोट आली. त्या माणसाने दोर फेकला. पहिला पाण्यात पडला. दुसरा आईने झेलला.

नंतर इंजिन उघडलं तेव्हा त्यातलं ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. सिलिंडरमध्ये पाणी, ब्लॉकला तडा.

आता हिशेब. नवं डिझेल इंजिन मजुरीसकट १५,००० डॉलर. बोट मी घेतली ६,५००ला. आउटबोर्ड आणि ब्रॅकेट साडेचार हजारांत झालं: ९.९ हॉर्सपॉवर, २५ इंच लांब शाफ्ट (पंख्यापर्यंत जाणारा दांडा), जड बोट ढकलायला मोठा, सावकाश फिरणारा पंखा. आणि कॅटालिनाने ही बोट आउटबोर्डसकटही विकली आहे, तेव्हा मी काही भलतंच केलेलं नाही. पोटातला पेट्रोलचा वास गेला. शिडावर असताना पंखा पाण्याबाहेर उचलून ठेवते, हलक्या वाऱ्यात बोट मोकळी धावते.

पण दोन वर्षांपूर्वी याच धक्क्यावर मीच एकाला ऐकवलं होतं की खाऱ्या लाटांत आउटबोर्ड म्हणजे जिवाशी खेळ. तेव्हा मी खोटं बोलत नव्हते. जुलैच्या दुपारी पंचवीस नॉटचा वारा तोंडावर घेऊन बाहेर पडताना नाळ लाटेत घुसते, मागची बाजू उचलली जाते, पंखा हवेत येतो आणि इंजिन किंचाळतं. त्या दोन-तीन सेकंदांत बोटीला काहीच ढकलत नसतं. जुन्या, आतल्या इंजिनाच्या पंख्याने ढकललेलं पाणी सुकाणूवर यायचं, धक्क्याला लागताना बोट जागच्या जागी वळायची. आता तशी वळत नाही. पन्नास किलो टोकाला लटकल्यामुळे मागची बाजू बसलीये, तेही दिसतं.

मग त्या संध्याकाळी हे आउटबोर्ड असतं तर? स्ट्रेटमध्ये पाणी सपाट होतं, तिथे त्याने नेलं असतं, याची मला खात्री आहे. यलो ब्लफच्या खळाळात पंखा पाण्यात राहिला असता का? हे मी दादाला सांगू शकले नाही आणि तुम्हालाही सांगू शकत नाही. पैसे असते तर डिझेल घेतलं असतं का, तेही बहुतेक हो. कधीकधी नाही.

जिन्याखाली इंजिनाची जागा रिकामी आहे. शाफ्टचं भोक फायबरग्लासने बंद केलं. पुढच्या वर्षी आई परत येणार आहे. बोटीवर येईन असं अजून म्हणालेली नाही, आणि मीही विचारलेलं नाही.