तास

इस्तंबूलच्या चेंबरलिताश हमामाच्या, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघराच्या, घुमटाला जाड काचेचे गोल झरोके आहेत. तुर्क त्यांना 'हत्तीचे डोळे' म्हणतात. दुपारचं ऊन त्यांतून तिरपं आत येतं आणि दमट हवेत त्याच्या काठ्या दिसायला लागतात. खाली संगमरवरी ओट्यावर माणसं उताणी पडलेली. कुणी वाडग्याने अंगावर पाणी घेतं, तो आवाज घुमटात फिरून परत येतो. 1584 साली ऑटोमन वास्तुकार मिमार सिनानने सुलतानाची आई नूरबानू सुलतान हिच्यासाठी बांधलेली ही जागा. आवाज तेव्हाही असाच फिरत असणार.

या वाडग्याला तुर्कीत 'तास' म्हणतात. मराठी कानाला घड्याळ आठवतं, आणि ते काही वाईट नाही. इथलं एकही काम घाईत होत नाही.

'वाफेचं स्नान' म्हटलं की डोळ्यांपुढे कुकरची शिटी येते. हमामात तसं काही नसतं. आतल्या गरम दालनात तापमान साधारण 40 ते 50 अंश. फिनलंडच्या सौनात, म्हणजे घाम काढायच्या लाकडी खोलीत, ते 80 ते 100 पर्यंत चढवतात. पण सौना कोरडा आणि हमाम ओला. तापलेल्या दगडावर दिवसभर पाणी पडत राहतं, हवा दमट होते, आणि दमट हवेत घाम सुकत नाही. घाम सुकला नाही तर अंग थंड होणार कसं? मे महिन्यात 34 अंशांची मुंबई जीव काढते आणि नागपूरकर 43 अंशांत लग्नाच्या पंगती उठवतो, त्यातलंच हे.

उष्णता येते खालून. मागच्या बाजूला भट्टी, तिला 'क्युलहान' म्हणतात. तिचा गरम धूर बुटक्या खांबांवर पेललेल्या फरशीखालून फिरतो आणि भिंतींतल्या मातीच्या नळ्यांतून वर निघून जातो. फरशीखालच्या त्या पोकळीचं नाव 'जेहेन्नेमलिक', म्हणजे चक्क नरकाची जागा. आपण नरकचतुर्दशीला नरकाच्या धाकाने पहाटे उठून न्हातो. तुर्कांनी नरकालाच पाणी तापवायच्या कामाला जुंपलं.

आत शिरल्यावर सुती पेश्तेमाल कमरेला गुंडाळायचा. तो पुरुषांनी शेवटपर्यंत सोडायचा नसतो; बरेच पाहुणे इथे चुकतात. मग कोमट दालनात थोडा वेळ, म्हणजे अंगाला उष्णतेची ओळख होते. मग गरम दालन, आणि मधोमध तो ओटा, 'गोबेकताशी', दालनाच्या बेंबीतला दगड. त्यावर पंधरा-वीस मिनिटं नुसतं पडून राहायचं. अधूनमधून त्या तासाने, म्हणजे वाडग्याने, अंगावर पाणी घ्यायचं. कंटाळा आला तरी हीच पायरी गाळायची नाही, कारण कातडीचा वरचा मेलेला थर पाणी पिऊन फुगला नाही तर पुढचं घासणं नुसतंच ओरखडणं होतं. तयारी झाली का ते बघायला ओल्या बोटाने कोपराच्या आतली बाजू चोळावी. करड्या वळकट्या सुटल्या की वेळ झाली.

घासायच्या पिशवीवजा हातमोज्याला 'केसे' म्हणतात (केसांशी संबंध नाही). त्याआधी साबण लावायचा नाही. साबणाने केसे घसरतो आणि मळ जागचा हलत नाही. लांब, सरळ हात, मानेवर आणि छातीवर हलके, तोंडाला शक्यतो नाही. नंतर फेसाची पाळी: साबणाच्या पाण्यात बुडवलेली कापडी पिशवी हवेने फुगवून पिळतात, आणि अंगावर फेसाचा डोंगर पडतो. घरी उटण्याआधी वज्रीने टाच घासणाऱ्या आजीला हा सगळा क्रम सांगितला, तर यात नवीन काय, असंच ती विचारेल. आठवड्यातून एकदा पुरे. रोज घासलं तर कातडी कोरडी पडून खाजते.

अंगावर घ्यायच्या पाण्याचं संगमरवरी कुंड म्हणजे 'कुरना'. त्याला खाली भोक नसतं. साचलेल्या पाण्यापेक्षा वाहतं पाणी शुद्ध, हा त्यामागचा विचार. म्हणून कुंडात हात बुडवायचा नाही, साबण तर नाहीच. तासाने पाणी घेऊन अंगावर ओतायचं. बादलीत हात घातला म्हणून पाठीत धपाटा खाल्लेल्यांना हे शिकवावं लागत नाही.

घामातून 'विष' बाहेर पडतं ही गोष्ट मात्र सोडून द्यावी. ते काम मूत्रपिंडं आणि यकृत करतात. घाम म्हणजे बहुतेक पाणी आणि मीठ. काट्यावर घटलेलं वजन पाणी प्यायल्यावर परत येतं. खरा फायदा साधा आहे. कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सुटतात, कातडी गुळगुळीत होते, रात्री झोप लागते.

पण रक्तवाहिन्या रुंदावल्या की रक्तदाब उतरतो आणि हृदयाचे ठोके वाढतात. एकदम उठणाऱ्याला भोवळ येते ती यामुळेच, आणि खाली असतो साबणाने निसरडा संगमरवर. आधी कुशीवर, मग पाय सोडून मिनिटभर बसायचं, मग सपाता घालून उभं राहायचं. आधी दोन पेले पाणी, नंतर दोन. भरल्या पोटी जाऊ नये, दारू पिऊन तर नाहीच. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, छातीत दुखणाऱ्यांनी, ताप किंवा उघडी जखम असलेल्यांनी बाहेरच थांबावं. गर्भारपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, हा मोह टाळावा. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारावं. मधुमेहाने पावलं बधिर झालेल्यांना दगडाचा चटका कळतच नाही, फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. अंगठ्या, साखळ्या घरी ठेवाव्यात, धातू तापतो. आदल्या दिवशी वॅक्सिंग केलेल्यांनी केसेपासून लांब राहावं.

शेवटचं पाणी जरा गार घ्यायचं. मग कोरड्या पंच्यांत गुंडाळून बाहेरच्या थंड दालनात अर्धा तास बसायचं. समोर चहा येतो. बरेच जण तिथेच डुलकी काढतात, आणि त्यांना कुणी हलवत नाही. आत गोबेकताशीवर डोळा लागलेल्याला मात्र खांद्याला धरून लगेच उठवावं.