तेविसावी गोळी

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, महिनाभर राहिला असताना गोव्यातल्या डिचोलीहून शेटांचा फोन आला. "दादा, माळ्यावरचं गेमचं मशीन खाली काढलंय. चवथीला पुण्या-मुंबईची सगळी पोरं घरी येणार. चालू होतं का बघ." मी टीव्ही दुरुस्तीतला माणूस. पिक्चर ट्यूबचे सेट आता म्हापशातही कुणी दुकानात आणत नाही, त्यामुळे ट्यूबचं काम म्हटलं की मला हुरूप येतो. शिवाय हे कोणतं मशीन, ते मला नेमकं माहीत होतं.

स्पेस इन्व्हेडर्स. जपानच्या टाइटो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये तयार केलेला खेळ. परग्रहावरचे जीव रांगांनी खाली उतरत येतात, आपण ढालींच्या आडोशानं खालून गोळ्या झाडून त्यांना टिपायचं. मधूनच सगळ्यांच्या वरून एक उडती तबकडी जाते, ती टिपली की जादा गुण. हे कपाट मात्र अमेरिकेतल्या मिडवे कंपनीचं. शेटांच्या वडिलांनी ते वास्कोला बोटीवरून उतरलेल्या सामानातून घेतलं आणि थिएटरसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावलं. एका खेळाला रुपया. शाळा सुटली की आम्ही पोरं तिथं चिकटलेले असायचो. खिशात रुपया क्वचितच, पण दुसऱ्याचा खेळ बघायला पैसे पडत नव्हते. स्क्रीनसमोर एकजण आणि पाठीमागे दहाजण, तोच खरा माहोल.

मी पोहोचलो तर शेटांचा पुतण्या आधीच तोडगा काढून बसलेला. "काका, आतलं सगळं काढून टाका. साठ गेमचा बोर्ड ऑनलाइन मिळतो, एक एलसीडी लावू, संध्याकाळपर्यंत तयार." पोरगा हुशार होता आणि त्याचं म्हणणं खर्चाच्या दृष्टीनं बरोबरच होतं. पण मी शेटांना म्हटलं, आधी मला दिवसभर द्या. आतलं काढलं की उरेल ते नुसतं लाकूड.

मागचं दार उघडून त्याला आत दाखवलं. ट्यूब खेळणाऱ्याच्या समोर नाहीच, ती खाली बसवलेली. तिच्यावरचं चित्र उलटं उमटतं आणि अर्धपारदर्शक आरशातून सुलटं होऊन डोळ्यांसमोर येतं. आरशाच्या मागे चंद्राच्या जमिनीचा रंगवलेला देखावा, त्यावर दिवा. म्हणजे ते जीव चंद्रावरच्या आकाशात तरंगताना दिसतात. चित्र मुळात काळं-पांढरंच. रंग येतो तो वर लावलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांमुळे. लहानपणी आम्ही शपथेवर सांगायचो की हा कलर टीव्ही आहे.

कामाला लागलो. मशीन अमेरिकी, म्हणून जवळ आपल्या विजेचा दाब कमी करून देणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर होताच, गंजलेला पण शाबूत. सगळ्यात आधी प्रोसेसर सॉकेटमधून काढून बाजूला ठेवला. त्या प्रोसेसरला, म्हणजे इंटेल ८०८० ला, तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: ५, १२ आणि उणे ५. यातला उणे ५ गायब असताना बाकीचे पोचले तर चिप जाऊ शकते. आणि मीटर लावला तर नेमका तोच गायब. वीजपुरवठ्याच्या भागातले कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारे छोटे डबे, सुकून गेलेले. गोव्याच्या पावसाळ्यात इतकी वर्षं माळ्यावर काढल्यावर दुसरं काय होणार? कपॅसिटर बदलले, तिन्ही व्होल्टेज पुन्हा पुन्हा तपासले, मगच प्रोसेसर जागेवर बसवला.

स्क्रीन उजळली, पण नुसत्या उभ्या रेघा. म्हणजे ट्यूब जिवंत, प्रोग्राम नाही. संपूर्ण खेळ चार रॉममध्ये, म्हणजे प्रोग्राम साठवून ठेवणाऱ्या चिप्समध्ये, मावतो, प्रत्येकी दोन किलोबाइट. त्यांचे पाय काळे पडले होते. साफ करताना एका चिपचा पाय मुळाशी तुटलेला सापडला. जेमतेम टाचणीच्या टोकाएवढा धातू बाहेर राहिलेला. त्याला तारेचा एक पदर सोल्डर करायचा म्हणजे श्वास रोखून करायचं काम. पुतण्या तोपर्यंत माझ्यासमोर टॉर्च धरून उभा होता आणि साठ गेमच्या बोर्डाचं नाव काढत नव्हता.

जेवणानंतर चित्र आलं. पाच रांगा, प्रत्येकीत अकरा, असे पंचावन्न जीव कडेकडेनं सरकू लागले. आवाज मात्र नव्हता. या मशीनचे आवाज रेकॉर्ड केलेले नसतात, वेगळ्या बोर्डवरच्या ट्रान्झिस्टर आणि कपॅसिटरच्या सर्किटांतून तिथल्या तिथे तयार होतात. तिथला अॅम्प्लिफायर दुरुस्त केला आणि ती चार स्वरांची धमधम खोलीभर घुमली. दुकानातली गिऱ्हाइकं आत डोकावायला लागली. त्यांत कदंबचे, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेचे, एक निवृत्त ड्रायव्हर होते. शेट म्हणाले, "हे आमच्या शेडचे चॅम्पियन."

आता नाणं. पुतण्यानं खिशातला रुपया टाकला, तो खडखडत परत आला. नाण्याचा मार्ग शेटांच्या वडिलांनी त्या काळच्या रुपयासाठी बदलून घेतला होता. तो रुपया तांबे-निकेलचा, सहा ग्रॅमचा. १९९२ पासून स्टीलचा रुपया आला. तो आकारानं लहान, वजनानं हलका आणि लोहचुंबकाला चिकटणारा. लोखंडी चकत्या टाकून फुकट खेळणाऱ्यांना अडवायला या मार्गात चुंबक बसवलेलं असतं. नवं सरकारी नाणंही त्यातच अडकतं. शेटांना आत्ता उलगडा झाला: "म्हणूनच मग धंदा बसला! बाबा म्हणायचे मशीन बिघडलं." शेजारच्या वहिनींनी जुन्या नाण्यांचा डबा आणून दिला, त्यातून जुने रुपये निवडून काढले.

नाण्यांवरून मला आठवलं ते पुतण्याला सांगितलं. १९७२ मध्ये अटारी या व्हिडिओ गेम कंपनीच्या अॅलन अल्कॉर्न यांनी पाँग या टेबल टेनिससारख्या खेळाचं पहिलं मशीन कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल इथल्या एका बारमध्ये लावलं. थोड्याच दिवसांत तक्रार आली की बंद पडलंय. त्यांनी जाऊन उघडलं तर नाण्यांचा डबा तुडुंब भरलेला, वरून सांडलेल्या नाण्यांनी सगळं अडवलेलं. आमच्या धंद्यात असा बिघाड भाग्यानंच बघायला मिळतो. पाँगमध्ये प्रोसेसर नव्हताच, नुसत्या लॉजिक चिप्स. तिथपासून सहा वर्षांत आठ किलोबाइटच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या या लढाईपर्यंत मजल गेली, याचं मला अजून नवल वाटतं.

ड्रायव्हरकाकांनी रुपया टाकला. एक ढाल मध्येच भेदून त्यांनी तिच्यात चीर पाडली आणि तिच्यामागून मारा सुरू केला. ओठ हलत होते. वरून तबकडी निघाली, पण ते लगेच तिच्यावर धावले नाहीत. दोन गोळ्या मुद्दाम भलतीकडे सोडल्या. "बावीस," असं पुटपुटले, सरकले, आणि पुढच्या गोळीनं तबकडी उडवली. तीनशे! "आयली मरे!" म्हणून शेट ओरडले.

तबकडीचे गुण नशिबावर ठरतात असं तिथल्या सगळ्यांना वाटत होतं. काकांना मात्र त्यांच्या तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्या, मामानं परदेशातल्या बंदरावर शिकून येऊन सांगितलं होतं: तेविसावी गोळी आणि त्यानंतर दर पंधरावी. ते खरंच आहे. गुणांचा तक्ता रॉममध्ये आहे आणि प्रत्येक गोळीबरोबर त्यातली खूण एक घर पुढे सरकते. बोटीवरून आलेलं हे ज्ञान डिचोलीच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका माणसानं मुठीत धरून ठेवलं आणि आज पहिल्यांदा सर्वांसमोर उघड केलं.

खेळ पुढे सरकला तशी धमधम वाढली. पुतण्यानं विचारलं, शेवटी हे इतके चिडतात कसे? त्याला सांगितलं, चिडत नाहीत. स्क्रीन सेकंदाला साठ वेळा रंगवली जाते आणि दर वेळी फक्त एकच जीव पुढे सरकतो. पंचावन्न असताना प्रत्येकाची पाळी यायला जवळजवळ सेकंद जातो. एकटा उरला की दर वेळी पाळी त्याचीच. यंत्राच्या ताकदीच्या मर्यादेतून हा वेग आला आणि निशिकादोंनी तो तसाच ठेवला. आमच्या छातीत तेव्हा जे धडधडायचं ते इथून यायचं. पुतण्या बराच वेळ बोर्डाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "हे काढायचं नाही."

निघण्यापूर्वी चारही रॉमची प्रत काढून घेतली. त्या चिप्सवर काचेची छोटी खिडकी असते. तिच्यावर ऊन पडत राहिलं तर आतलं हळूहळू पुसलं जातं. खिडक्यांवर चिकटवलेले जुने कागद सुटले होते, तिथं काळी पट्टी चिकटवली. शेटांनी विचारलं, चुंबक काढून टाकू का, म्हणजे आजचा रुपया चालेल? आजचा रुपया बावीस मिलिमीटरचाही नाही, त्यानं काही साधणार नाही, म्हणून चुंबक राहू दिलं. जुने रुपये वाटीत ठेवा, पोरांना द्या, डब्यातून परत काढा. पावसात आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू करा. आणि ड्रायव्हरकाकांना चवथीच्या दुसऱ्या दिवशी नक्की बोलवा, पोरांना मोजायला तेच शिकवतील.