न्यायाधीशांच्या नेमणुकीवर इंग्रजीत बोलताना

'नॉमिनेट' आणि 'अपॉइंट' सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. अमेरिकेतला फेडरल न्यायाधीश घ्या. राष्ट्राध्यक्ष नाव पाठवतात, ते 'नॉमिनेट'. सिनेटची ज्युडिशिअरी कमिटी त्याला प्रश्न विचारते, ती 'हिअरिंग'. मग 100 सदस्यांचं सिनेट साध्या बहुमताने मंजुरी देतं, ते 'कन्फर्म'. राष्ट्राध्यक्षांनी नेमणूकपत्रावर सही केली की 'अपॉइंट', आणि शपथ झाली की 'स्वोर्न इन'. म्हणजे हिअरिंग चालू असलेला माणूस 'नॉमिनी'च. त्याला 'अपॉइंटी' म्हणणं घाईचं.

'न्यायालयात नेमले' हे डोक्यात असल्यामुळे आपण 'अपॉइंटेड इन द कोर्ट' लिहितो. हवं 'टु द कोर्ट' किंवा 'टु द बेंच'.

निवडणुकीचे शब्द तर आणखी फसवे. अमेरिकेतल्याच मिझुरी राज्यात 1940 पासून अनेक न्यायाधीश आधी नेमले जातात: आयोग तीन नावं देतो, गव्हर्नर एक निवडतो. पुढे त्या न्यायाधीशाला पदावर ठेवायचं का, यावर मतदार फक्त 'हो' किंवा 'नाही' सांगतात, समोर प्रतिस्पर्धी नसतोच. हे 'रिटेन्शन इलेक्शन'. 'री-इलेक्शन' म्हटलं की अर्थच बदलतो.

भारताबद्दल लिहिताना 'कॉलेजियम अपॉइंट्स' टाळा. कॉलेजियम, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांचा गट, 'रेकमेंड' करतं, 'अपॉइंट' राष्ट्रपती करतात. उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात जाणं म्हणजे 'एलेव्हेट'. 'प्रमोट' तिथे कारकुनी वाटतं.